सुक्या पाण्यातलं मंगळसूत्र

प्रणिता शेलारला कुणी ‘बिचारी’ म्हटलेलं खपत नाही. तसं म्हणण्याजोगं तिच्या आयुष्यात काहीच नाही, असं नाही. नवरा हवालदार, तो सीमेवर. सासूसासरे कोरेगाव तालुक्यातल्या गावात. आणि ही मुलीला घेऊन जयपूरच्या लष्करी वसाहतीत, ज्यांचे नवरे फील्डवर गेलेत अशा बायकामुलांसाठी सरकारनं ठेवलेल्या क्वार्टरांत. एकदा कॅन्टीनच्या रांगेत एक सुभेदारीणबाई कळवळून म्हणाल्या, “बिचारी, एकटीच सगळं ओढते.” प्रणितानं साखरेची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “बिचारी आमची म्हस. तिला बोलता येत न्हाई. मला येतंय.” तेव्हापासून त्या बाई तिच्याशी जरा जपूनच बोलतात.

अशा बाईनं घरी बसून फोनची वाट बघणं शक्यच नव्हतं. वाट बघणाऱ्या बायका तिनं पाहिल्या होत्या. मोबाइल मांडीवर, टीव्ही चालू, डोळे कुठेच नाहीत. “अशानं माणूस आंबतंय,” म्हणत तिनं सोडाल्याजवळ, बाईस गोदाम या कारखान्यांच्या भागात, एका धुलाईच्या कारखान्यात नोकरी धरली. नवऱ्यानं, संभाजीनं, फोनवर विचारलं होतं, “लोकांची कापडं धुणार व्हय?” ती म्हणाली, “कापडं बी आणि बेअरिंगा बी. पाण्याचा थेंब न लावता. तुमच्या फौजेत हाय का असलं काय?” त्यावर फौज गप्प बसली.

ती धुलाई खरोखरच न्यारी होती. सोड्याच्या बाटलीत जो वायू फसफसतो, तोच इथे दाबून दाबून पाण्यासारखा पातळ करतात आणि जाड पोलादी ड्रममध्ये सोडतात. आत जाळीच्या टोपलीत तेलकट वस्तू ठेवलेल्या असतात. बेअरिंगच्या कड्या, ऑपरेशनची हत्यारं, लग्नसराईत जरीगोट्याचे लेहेंगे. तो पातळ वायू फटीफटीत शिरतो, तेल आणि वंगण सोडवून घेतो, आणि दाब उतरला की हवा होऊन निघून जातो. वस्तू बाहेर येते ती कोरडी ठणठणीत आणि थंडगार. टोपल्या भरणारे सलीमभाई त्याला ‘सूखा पानी’ म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले.

सलीमभाई मणिहारांच्या रस्त्यावरचे. पिढ्यान्‌पिढ्या लाखेच्या बांगड्या करणारं घर. सिगडीच्या धुरानं डोळ्यांना त्रास व्हायला लागला म्हणून ते कारखान्यात आले, पण घरी बायको रुखसाना अजून बांगड्या वळायची. कामाला लागले तेव्हा उत्साहाच्या भरात त्यांनी घरची एक बांगडी ड्रममध्ये धुवायला टाकली होती. बाहेर आली ती तळलेल्या पापडासारखी फुगून, तडकून. इंजिनिअर वरुण माथुरनं तेव्हा सगळ्यांना समजावलं होतं. हा वायू दाबाखाली लाखेत मुरतो. दाब भर्रकन उतरला की आतला वायू बाहेर यायला वाट शोधतो, आणि वाट नसली की लाख फोडून करतो. हळूहळू, अगदी रेंगाळत दाब उतरवला तरच लाख वाचायची शक्यता. ती फुगलेली बांगडी सलीमभाईंनी ड्रमशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवली होती. नवीन माणूस आला की तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “यह हमारी उस्तानी है,” म्हणजे आमची मास्तरीण.

आता मंगळसूत्राचं. कारखान्याचा नियम सरळ होता. ड्रमवर वाकायचं तर गळ्यात, हातात काही नको. बाकीच्या बायका दागिने लोखंडी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावायच्या. प्रणिताला ते पटेना. मंगळसूत्र कपाटात कोंडायला तो काय नुसता दागिना आहे? अंगाला लागून असलं पाहिजे. म्हणून ती सकाळी कामाचा जाड कोट चढवला की मंगळसूत्र काढायची, रुमालात गाठ मारायची आणि कोटाच्या आतल्या खिशात, छातीवर, सेफ्टी पिनेनं अडकवायची. नियमही पाळला आणि रीतही राखली, असं तिचं म्हणणं. दिवसभरात अधूनमधून तळहात तिथे जायचा. गाठ हाताला लागली की हात परत कामाला.

मंगळसूत्राला दोन वाट्या, चार पदरी काळे मणी. गावाकडच्या सोनारानं घडवलेल्या वाट्या, वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली. एक माहेरची, एक सासरची. माहेरच्या वाटीवर बारीक पोचे होते. मुलगी अनुश्री दात येत असताना आईच्या मांडीवर पडून तीच वाटी चावायची. संभाजी सुट्टीवर आला की त्या पोच्यांवरून अंगठा फिरवत बसायचा. घरातून निघताना तो एकदा मुलीच्या डोक्यावर हात ठेवी आणि एकदा त्या वाट्यांना बोट लावी. तोंडानं मात्र कधी काही बोलला नाही. बोलका नव्हताच तो.

आणि आता त्याचा फोन बरेच दिवस आला नव्हता.

फौजेतल्या बायकांना फोन न येण्याची सवय असते. तुकडी हलते, रेंज नसते, फोन जमा करून घेतात. बातमी नाही तीच चांगली बातमी, असं सगळ्या एकमेकींना सांगतात आणि एकीचाही त्यावर विश्वास नसतो. प्रणिता या बाबतीत इतरांपेक्षा धीराची वगैरे मुळीच नव्हती. फक्त तिचं भ्यायचं काम हाताचं काम करता करता चालायचं. तळहात खिशाकडे जायचा, गाठ लागायची, म्हणजे तो तिकडे ठीक आहे. हा हिशेब तिचा तिनंच घातलेला. कुणाला सांगितला असता तर लोक हसले असते आणि तीही त्यांच्याबरोबर हसली असती. पण म्हणून तो सुटत नव्हता.

त्या शनिवारी काम लवकर उरकलं. शनिवारी शेवटच्या फेरीत कारखान्याचे स्वतःचे कोट धुवायचे असत. आठवडाभराचं वंगण त्यांच्यावर चढलेलं असे. प्रणिता कोट काढून, मंगळसूत्र गळ्यात घालून, मग कोट टोपलीशेजारी टाकायची. दर शनिवारी हाच क्रम. पण त्या दिवशी तिनं कोट काढला आणि तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. संभाजी कधीकधी दुसऱ्याच्या फोनवरून करायचा. आत फोन घ्यायला बंदी, म्हणून ती कोट तिथेच स्टुलावर टाकून फाटकाकडे पळत सुटली.

पलीकडून एक गोड आवाज म्हणाला की मॅडम, आपल्याला आमच्या कंपनीचं कार्ड मंजूर झालं आहे. प्रणितानं त्या आवाजाला अस्सल सातारी शब्दांत असं काही सुनावलं की फाटकावरचा गुरखा मराठी येत नसूनही दोन पावलं मागे सरकला. मग ती डोळे पुसत परत आत आली. रडण्याचा राग आणि रागाचं रडणं, दोन्ही एकत्र झालं होतं.

सलीमभाईंनी तिच्या कोटासकट टोपली भरून ठेवली होती. खिसे तपासून ते नेहमीप्रमाणे म्हणाले, “जेबें ख़ाली.” बाहेरचे खिसे रिकामेच होते. आतला खिसा फक्त तिच्या कोटाला होता, तिनंच शिवून घेतलेला. खरं तर झाकण लावणाऱ्यानंही एकदा कपड्यांवरून हात फिरवायचा असतो. ते काम तिचं. तिनं नुसतं बघितल्यासारखं केलं, झाकण लोटलं, कडी फिरवली, यंत्र सुरू केलं. सुकं पाणी आत सुसाटत गेलं. काटा चढत गेला. कपडे आत घुसळून निघाले. मग यंत्रानं पातळ वायू टाकीत परत ओढून घेतला आणि ड्रममध्ये दाबाखालचा वायू तेवढा उरला. आता दाब उतरवायचा, की झालं.

तिचा तळहात छातीकडे गेला. गाठ लागली नाही.

तिनं गळा चाचपला, स्टूल बघितलं, स्टुलाखाली बघितलं, आणि मग ड्रमकडे बघितलं. यंत्र पुढच्या क्षणी दाब उतरवायला लागणार होतं. तिनं झडप घालून थांबवायची कळ दाबली. काटा जागच्या जागी थांबला.

“क्या हुआ?” सलीमभाईंनी विचारलं.

“मेरा मंगलसूत्र,” ती म्हणाली. “कोटात. आत. आतल्या खिशात.”

“सोना है ना? सोने को कुछ नहीं होता.”

“आत लाख आहे, भैया.”

लाख म्हणजे काय ते त्या माणसाला सांगायची गरज नव्हती. दोघांनीही एकदमच खिळ्यावरच्या बांगडीकडे बघितलं.

यंत्र आपल्या चालीनं दाब उतरवतं ती चाल लोखंडी कड्यांसाठी. तिला कमी-जास्त करायची सोय या जुन्या यंत्रात नव्हती. पण ड्रमच्या खाली, जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात, हातानं फिरवायचा एक छोटा व्हॉल्व्ह होता. फिटर लोक दुरुस्तीच्या वेळी वापरायचे. तो केसभर उघडून ठेवला तर दाब तासन्‌तास झिरपत उतरला असता. लाख वाचली असती. मात्र ड्रममध्ये दाब असताना खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही, असं खड्ड्याच्या कठड्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. हा वायू हवेपेक्षा जड. गळला तर खालीच साठतो, दिसत नाही, आणि माणसाला खोकायलाही वेळ देत नाही. वरुण पुढच्या खोलीत बसला होता. त्याला सांगितलं असतं तर तो नाही म्हणाला असता. म्हणूनच दोघांपैकी कुणीही त्याला सांगितलं नाही.

“ग़लती मेरी है,” सलीमभाई म्हणाले. “मैंने जेब नहीं देखी. मैं खोलके आता हूँ. दो मिनट.”

“नको भैया. नीचे मत जाओ.”

हे ती एकदा म्हणाली. दोनदा म्हणाली नाही. पुढे ती स्वतःला कशाबद्दल बोल लावत असेल तर ती या एका गोष्टीबद्दल.

सलीमभाई शिडीनं खाली उतरले. त्यांची गोल टोपी कठड्याखाली दिसेनाशी झाली. पान्याचा आवाज आला, खट्, खट्. मग म्हणाले, “जाम है.” पुन्हा पाना. मग एक बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज सुरू झाला आणि वाढत गेला.

“भैया?”

“पैकिंग निकल गई… रुको…” आवाज तिथेच तुटला. मग पाना फरशीवर पडल्याचा आवाज. मग नुसती शिट्टी.

ती कठड्याकडे धावली. खड्ड्याच्या तळाशी पांढरं धुकं पसरत होतं, पहाटेच्या ओढ्यावर पसरतं तसं. नाकात सोड्याचा आंबट झणका बसला, डोकं गरगरलं. धुक्यात सलीमभाई भिंतीला टेकून बसले होते, मान एका बाजूला पडलेली. तिनं शिडीवर पाय टाकला. आणि भिंतीवरचा भोंगा वाजायला लागला.

“नीचे नहीं!” वरुण धावत येत ओरडला. त्यानं तिचा दंड धरून मागे खेचलं. “आप भी वहीं पड़ी रहेंगी!” तो पाठीवरचा सिलिंडर चढवत होता, मुखवट्याचे पट्टे ओढत होता. खड्ड्यातला पंखा त्यानं चालू केला होता, पण वरून जेवढं ओढलं जाई त्याच्या कितीतरी पट खालून येत होतं. ड्रममध्ये दाब होता तोवर ती गळती थांबणार नव्हती. “ड्रम ख़ाली करो!” तो मुखवट्याआडून ओरडला. “छत वाला! दबाओ!”

छतवाला म्हणजे लाल बटण. काचेच्या झाकणाखाली, तिच्या हाताशी. ते दाबलं की ड्रममधला सगळा वायू जाड नळानं एका दमात छतावर सुटतो. एका दमात.

प्रणितानं झाकण उचललं. बटणाच्या वर, खिळ्याला, ती फुगलेली बांगडी लोंबत होती.

तिचा हात थांबला. किती थांबला हे तिला सांगता येत नाही. वरुण म्हणतो, थांबलाच नव्हता. पण तिला माहीत आहे की थांबला होता. त्या तेवढ्यात तिनं संभाजीला बघितलं, उंबऱ्यात उभा, वाट्यांना बोट लावताना. आपल्या हातानं, जाणूनबुजून, नवऱ्याच्या नावाच्या वाट्या फोडायच्या. तो तिकडे कुठल्या दरीत, कुठल्या बर्फात आहे ते ठाऊक नसताना. अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. ज्याच्या घरचं माणूस फील्डवर नसतं त्याला शहाणपण फार स्वस्त पडतं.

आणि खाली रुखसानाचा नवरा बसला होता. खाली तो प्रणिताच्याच कामाला उतरला होता.

“माफ करा हो,” ती मोठ्यानं म्हणाली, मराठीत, कुणाला ते तिलाच ठाऊक, आणि बटण दाबलं.

छतावर जो गडगडाट झाला तो म्हणे सोडाल्याच्या चौकापर्यंत ऐकू गेला. नळावर बर्फाचा पांढरा थर चढला. पत्रे हादरले. काटा कोसळत खाली आला, खड्ड्यातली शिट्टी बारीक होत होत बंद पडली, आणि धुकं पंख्याकडे ओढलं जायला लागलं. वरुण खाली उतरला. वरून तिनं आणि गुरख्यानं दोर ओढला. सलीमभाई वर आले ते गव्हाच्या पोत्यासारखे जड, ओठ निळसर. तिनं त्यांना अंगणात उघड्या हवेत आडवं केलं. वरुण छाती दाबत होता. ती नुसती नाव घेत होती, “सलीमभैया, ओ सलीमभैया, उठो ना.” मग त्यांच्या घशातून एक घरघर निघाली, त्यांनी श्वास ओढला, दुसरा ओढला, आणि वरुणच्या बुटांवर ओकले. प्रणिताला आयुष्यात कुणाच्या ओकण्याचा एवढा आनंद झाला नव्हता.

रुग्णवाहिका गेल्यावर वरुणनं ड्रम उघडला. कोटांवर बर्फाचे कण होते. तिच्या कोटाच्या आतल्या खिशात रुमाल लाकडासारखा ताठ झाला होता. गाठ सोडली. मणी जसेच्या तसे. वाट्या मात्र दोन्ही फुगून वाकड्या झालेल्या, कडेचे सांधे उघडलेले, आणि सांध्यांतून तपकिरी लाख फेसासारखी बाहेर आलेली. कुठली माहेरची, कुठली सासरची, ओळखू येत नव्हतं. अनुश्रीच्या दातांचे पोचे फुगून नाहीसे झाले होते.

वरुण हळू आवाजात म्हणाला, “मुझे क्यों नहीं बताया, शेलार भाभी? मैं नाराज़ होता. बस इतना ही तो होता.” त्याचं बरोबर होतं आणि ते तिला कबूल होतं.

वसाहतीत शेजारच्या क्वार्टरमधल्या मधुमतीकाकूंनी तिचा मोकळा गळा बघितला आणि हातातली परात खाली ठेवली. त्या सांगलीकडच्या, मुलगा लष्करात, सून नोकरीला, म्हणून नातवंडं सांभाळायला आलेल्या. त्यांनी विचारपूस केली नाही. देवघरातून हळकुंड आणलं, दोरा हळदीत पिवळा केला आणि तिच्या गळ्यात बांधला. “मंगळसूत्र फुटलं,” प्रणिता म्हणाली. काकूंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. “फुटलं म्हणू नये गं. वाढलं म्हणावं.”

“वाढलं न्हाई काकू. मी फोडलं.”

काकूंनी तिला आमटी वाढली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.

संभाजीचा फोन लागत नव्हता. ती लावत होती आणि एक बाई शांतपणे सांगत होती की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राबाहेर आहे. अनुश्रीनं विचारलं, “मम्मी, तू हे हल्दी का घातलं? मतलब पूजा आहे का?” ती म्हणाली, “हां, पूजा आहे.” पोरीनं फोनकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. मुलांना सगळं कळतं, फक्त मराठीत सांगता येत नाही.

रविवारी सकाळी क्वार्टरांच्या गल्लीत एक जीप वळली. रविवारी जीप येत नाही. आली तर तिच्यात कुणीतरी साहेब असतो आणि साहेबांच्या पत्नी असतात, आणि त्या कुणाच्या तरी दारात उतरतात. सगळ्या गॅलऱ्यांमध्ये बायका येऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या हातात पीठ, कुणाच्या हातात ओला कपडा. प्रणितानं हळकुंड मुठीत धरलं. जीप पहिल्या दारावरून पुढे आली, दुसऱ्या दारावरून पुढे आली. तिच्या दारापाशी गाडीचा वेग कमी झाला. आपण केलं ते आपल्या दारात आलं, एवढंच तिच्या मनात होतं.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, “भाभीजी, पानी की टंकी वाला पंप किधर है? ख़राब होने की कंप्लेंट है.”

तिनं हात करून दाखवला. जीप गेली. मग ती तिथेच पायरीवर बसली आणि त्या पंपाला, त्या ड्रायव्हरला आणि त्याच्या साऱ्या खानदानाला हळू आवाजात शिव्या देत राहिली, श्वास जागेवर येईपर्यंत.

दुपारी ती मणिहारांच्या रस्त्यावर गेली. सलीमभाईंना सकाळीच घरी सोडलं होतं. चिंचोळ्या जिन्यावरून वर एक खोली, खोलीत खाट, खाटेवर उशीला टेकलेले सलीमभाई, आणि दाराशी सिगडीपुढे रुखसाना. निखाऱ्यावर लाखेची कांडी मऊ करून लाकडी दांड्यावर वळत होती. जयपुरात त्या रस्त्यावर सगळीकडे येतो तो उबदार, गोडसर, डोक्यात चढणारा वास खोलीत भरला होता.

प्रणिता दारातच म्हणाली, “दीदी, उनको मैंने नीचे जाने दिया. एक ही बार मना किया.”

रुखसाना उठली नाही. हातातलं दांडं फिरवत राहिली. मग म्हणाली, “मुझे मालूम है. इन्होंने बताया. और इन्हें मैं बीस बार मना करूँ तब भी ये किसी की नहीं सुनते.” आणि मग तिचा आवाज एकदम बदलला. “वो लाई हो? दिखाओ.”

प्रणितानं रुमाल उघडला. रुखसानानं वाट्या प्रकाशाकडे धरल्या, नखानं सांधा चाचपला, फेसाळलेली लाख थोडी खरवडून बोटांत चुरली. “सोना फटा नहीं है. जोड़ खुला है बस. लाख तो लाख है, दीदी. निकलती है, भर जाती है.” तिनं जुनी लाख निखाऱ्याच्या धगीवर धरून हलकेच बाहेर पाडली, नवी कांडी घेतली आणि दाबून दाबून भरायला लागली. अंगठ्यानं पत्रा बसवत होती, कड मिटवत होती. प्रणिता त्या अंगठ्याकडे बघत होती.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

ती उचलेना. कालचा गोड आवाज आठवला आणि सकाळची जीप आठवली. खाटेवरून सलीमभाई घोगऱ्या आवाजात म्हणाले, “उठा लो, बहन.”

“हॅलो?”

“जेवलीस का?” पलीकडून संभाजीनं विचारलं.

ती हुंदके देत राहिली आणि तो आपला “अगं काय झालं, अनु बरी हाय न्हवं, काय झालं ते तरी सांग” म्हणत राहिला. तिनं त्याला काही न सांगायचं ठरवलं होतं. फील्डवरच्या माणसाला असलं सांगत नाहीत, हे वसाहतीतल्या पोरीटोरींनाही ठाऊक असतं. पण तिला बोलता येतं, हीच तर तिची खोड. तिनं सगळं सांगितलं. रुमाल, कोट, खड्डा, बटण. वाट्या आपण फोडल्या, हेसुद्धा.

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. मग त्यानं विचारलं, “माणूस वाचला का?”

“वाचला. इथंच बसलाय समोर.”

“बटण दाबताना माझी आठवण आली व्हती का?”

“आली.”

“आणि तरी दाबलंस?”

“तरी दाबलं.”

तो म्हणाला, “आमच्यात बी तसंच असतंय. शेजारचा दाबल, ह्या भरवशावर आम्ही इथं झोपतो.” आणि घसा खाकरून, “बरं, मागं रांग हाय. ठेवतो. अनुला सांग, पप्पांचा फोन आलता.”

फोन बंद झाला. प्रणितानं पदरानं तोंड पुसलं. रुखसानानं दुसऱ्या वाटीची कड मिटवली, फडक्यानं पुसली आणि दोन्ही वाट्या पुढे केल्या. एकीवर तिच्या नखाचा अर्धगोल उमटला होता. “यह निशान रह गया,” ती ओशाळून म्हणाली. “दुबारा गरम करूँ?”

“नको,” प्रणिता म्हणाली. “राहू दे. हीच माहेरची.”

“अभी गरम हैं. ठंडी होने दो, फिर लेना.”

पण प्रणितानं हात पुढे केला होता. तिनं त्या तशाच घेतल्या आणि मूठ मिटली.